उन्हाने चढणारे ओढे

एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक वर्ग येऊ लागतो. हातात सहल कंपनीचा छापील कागद, त्यावर डॉक्टरांच्या सहीसाठी सोडलेली मोकळी रेघ आणि चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलाचा आनंद. ‘मे महिन्यात मुलगा मनालीला नेतोय. चारच दिवस. थोडं डोंगरात चालायचं, बर्फ बघायचा आणि परत यायचं. तेवढी सही द्या.’ साताऱ्यात पंचवीसहून अधिक वर्षे जनरल प्रॅक्टिस करताना अशा पुष्कळ कागदांवर मी रक्तदाब मोजून, छाती तपासून सही केली. आजही करते, परंतु आता सहीपूर्वी अर्धा तास बोलते. तो अर्धा तास आज आपल्यासाठी लिहून काढीत आहे. ज्येष्ठ वाचकांसाठी तो आहेच, पण त्यांना हात धरून नेणाऱ्या मुला-सुनांसाठी आणि लेकी-जावयांसाठी अधिक आहे.

ही सवय मला एका ओढ्याने लावली.

बारा वाजेपर्यंत परत या

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चौघे मनालीला गेलो होतो. मी, माझे यजमान, कॉलेजात शिकणारा भाचा आणि माझे वडील, अण्णा. अण्णा तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवृत्त शिक्षक, रोज पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ निम्म्यापर्यंत चढून येणारे. रक्तदाबाची गोळी चालू, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, बाकी प्रकृती ठणठणीत. त्या हिवाळ्यात पहाडात बर्फ भरपूर पडले होते आणि मे अखेरच्या उन्हात ते झपाट्याने वितळत होते. जिकडे पाहावे तिकडे पाणी खळाळत होते.

तिसऱ्या दिवशी सोलंगजवळच्या एका गावातून वरच्या कुरणापर्यंत जाऊन यायचे ठरले. चढ सौम्य, वाट देवदारांतून जाणारी. गाव सोडताना शेवटच्या घरापाशी एक वृद्ध बाई लाकडे रचीत होती. अण्णांकडे पाहून ती म्हणाली, ‘बाबूजी, बारह बजे तक लौट आना.’ आम्ही हसून मान डोलावली. वडीलधारी माणसे असे म्हणतातच, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला.

साडेआठच्या सुमारास वाटेत एक ओढा आला. पाच-सहा दगडांवरून पाय टाकीत अण्णा तो भाच्याच्याही आधी पार झाले. पाणी घोट्याएवढेही नव्हते. वर कुरणात पोहोचलो. समोर बर्फाचे शुभ्र कडे, खाली हिरवळ, आकाशात ढगाचा तुकडाही नाही. डबे उघडले, गप्पा रंगल्या, अण्णांनी टोपी तोंडावर ओढून डुलकीही काढली. परत निघालो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते.

ओढ्यापाशी आलो, तर सकाळचे दगड दिसेनात. पाणी मातकट झाले होते, गुडघ्याच्या वर चढले होते आणि तळाशी धोंडे गडगडत असल्याचा आवाज येत होता. साताऱ्याच्या आम्हा माणसांना क्षणभर आपण वाट चुकलो असेच वाटले. पाऊस नाही, ढग नाही, मग हे पाणी आले कोठून? अर्धा तास थांबलो. पाणी ओसरण्याऐवजी वाढतच होते. शेवटी हातात हात गुंफून पार व्हायचे ठरले. अण्णा मध्ये होते. चौथ्या पावलाला त्यांचा पाय निसटला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. यजमानांनी आणि भाच्याने त्यांना पुढच्या काठावर ओढून घेतले. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचा प्रकार. हाड मोडले नाही, डोक्याला मार लागला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला.

तो फार लवकर टाकला. गाव अर्ध्या तासाच्या अंतरावर होते. प्रथम अण्णा कुडकुडत होते. मग ते गप्प झाले. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘आता थंडी नाही वाजत.’ मला बरे वाटले. वाचकहो, मी डॉक्टर आहे आणि तरीही मला बरे वाटले! त्यांची पावले अडखळत होती, ती मी दमणुकीच्या खात्यावर टाकली. गावच्या शेवटच्या घरापाशी त्यांना शर्टाची गुंडी काढता येईना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांचे शरीर थंड पडत चालले होते. कुडकुडणे थांबले होते ते ऊब आल्यामुळे नव्हे, तर कुडकुडण्याची ताकद संपल्यामुळे.

त्या वृद्ध बाईने एकही प्रश्न विचारला नाही. तिने अण्णांना आत घेतले, ओले कपडे उतरवायला लावले, स्वतःचा लोकरी पट्टू त्यांच्याभोवती गुंडाळला आणि घर उबदार ठेवणाऱ्या लोखंडी तंदूरजवळ त्यांना आडवे केले. माझ्या पिशवीत थर्मामीटर होता. परंतु पाऱ्याचा तो थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसच्या खालचे दाखवतच नाही आणि पारा जागचा हलत नव्हता. दीड-दोन तासांनी अण्णा नीट बोलू लागले, गोड चहा प्यायले, आणि माझ्या हातापायांत जीव आला.

रात्री हॉटेलात ते जे बोलले, ते मात्र ओढ्यापेक्षाही माझ्या मनात खोल गेले आहे. ते मी लेखाच्या शेवटी सांगेन.

आपला ओढा आणि तिथला ओढा

आपण सह्याद्रीच्या कुशीतली माणसे. आपला ओढा पावसाने चढतो. ठोसेघरच्या बाजूला आभाळ काळे झाले की पाण्यापासून लांब राहावे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. त्यामुळे आकाश निरभ्र असेल, तर पाणी आहे तेवढेच राहील अशी आपली ठाम समजूत असते. हिमालयात एप्रिलपासून जूनपर्यंत हीच समजूत घात करते. तेथील ओढा उन्हाने चढतो.

रात्री गारठा पडतो, बर्फ वितळणे मंदावते आणि पहाटे ओढ्यात सर्वांत कमी पाणी असते. सूर्य वर आला की उतारावरचे बर्फ पाझरू लागते. ते पाणी बर्फाच्या थरांतून आणि दगडगोट्यांतून वाट काढीत खाली यायला काही तास घेते. म्हणून ऊन डोक्यावर असताना नव्हे, तर त्यानंतर, दुपार कलल्यावर आणि संध्याकाळी ओढ्याला भर येतो. उगमापासून लांब, खालच्या अंगाला तर हा भर रात्री पोहोचतो. हिवाळ्यात बर्फ जितके अधिक पडलेले असेल आणि दिवस जितका स्वच्छ, उबदार असेल, तितका हा चढउतार मोठा. ज्या दिवशी सहलीला ‘छान हवा’ आहे असे आपण म्हणतो, तोच दिवस ओढ्याच्या दृष्टीने सर्वांत दांडगा असतो. त्यात बर्फावर पाऊस पडला, तर पाणी आणखी वेगाने वाढते.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. वितळण्याच्या दिवसांत काही ठिकाणी ओढ्यावर बर्फाचा पूल दिसतो. वरून तो भक्कम वाटतो, पण खालून वाहते पाणी त्याला रोज पोखरीत असते. सकाळी ज्यावरून मेंढ्या गेल्या, तो पूल दुपारी माणसाचे वजन पेलेल याची शाश्वती नाही. फोटोसाठीही त्यावर पाऊल टाकू नये.

खाली खोऱ्यात, मोठ्या नदीच्या पात्रात, पाणी वाढण्याची आणखीही कारणे असतात. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी, वरच्या लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ती दुर्घटना बर्फाच्या पाण्याने झाली नाही. परंतु डोंगरी नदीच्या कोरड्या दगडांवर बसून फोटो काढणे किती फसवे असते, हे तिने दाखवून दिले. पात्रात उतरू नका, काठावरून पाहा. नदी काठावरूनही तेवढीच सुंदर दिसते.

रेटा आणि गारठा

गुडघाभर पाण्याला काय भ्यायचे, असे वाटते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा सुमारे चौपट होतो. तरुण माणूस घसरता घसरता तोल सावरतो. साठी-सत्तरीनंतर स्नायूंची ती तत्पर हालचाल मंदावलेली असते. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर दगड निसरडा आहे हे पायाला कळेपर्यंत उशीर होतो. पुष्कळांना अनेकदर्शी चष्मा असतो. खाली पाहताना त्याचा वाचनाचा भाग डोळ्यांपुढे येतो आणि पायऱ्या-दगडांचे अंतर चुकते. चालण्यासाठी दूरचे दाखवणारा साधा चष्मा वेगळा करून घ्यावा.

त्याहून मोठा प्रश्न गारठ्याचा. नुकत्याच वितळलेल्या बर्फाचे पाणी गोठणबिंदूपेक्षा थोडेच उबदार असते. त्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास धाप लागल्यासारखा ओढला जातो, रक्तदाब आणि नाडी एकदम वर जातात. ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे, त्यांच्यासाठी हाच क्षण धोक्याचा. काही मिनिटांत बोटे काम करीनाशी होतात. पाण्यातून बाहेर आल्यावरही संकट टळलेले नसते. ओले कपडे आणि वारा मिळून शरीराची ऊब ओढून घेत राहतात. वृद्धापकाळी कुडकुडण्याची शक्ती कमी असते, त्यामुळे शरीर थंड पडत असल्याची खूण बाहेर नीट उमटत नाही.

म्हणून पुढील चार खुणा पाठच करून ठेवा. बोलणे अडखळणे किंवा माणूस एकाएकी गप्प होणे. पावले अडखळणे. गुंडी, चेन, बूटाची नाडी हाताळता न येणे. विनाकारण चिडचिड किंवा बेफिकिरी. यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी ‘दमले असतील’ असे म्हणू नका.

अशा वेळी वारा लागणार नाही अशा जागी न्या. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, डोके व मान झाका. जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली जाड काही अंथरा. ऊब छातीला व पोटाला द्या. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नका, कापडात गुंडाळा. हातपाय चोळू नका आणि माणसाला उगाच चालवू नका. पूर्ण शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड पेय द्या. अशा वेळी मधुमेहीलाही ते चालते. ब्रँडी अजिबात नको. मद्याने अंगात ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात शरीर अधिक वेगाने थंड होते. भान हरपत असेल, तर क्षणही न दवडता १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागा.

उंचीचा हिशेब

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. मनाली गावच सुमारे २,०५० मीटरवर आहे. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलमधले सिस्सू मनालीहून सकाळी निघून दुपारी परत येण्याइतके जवळ आले आहे. ते सुमारे ३,१०० मीटरवर आहे. सोय मोठी झाली, पण शरीराला उंचीची सवय व्हायला लागणारा वेळ बोगद्याने कमी केलेला नाही.

उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर होतो, आणि तोही उन्हाने चढणाऱ्या ओढ्यासारखा उशिरा येतो. वर पोहोचल्यावर पहिले काही तास माणूस उत्साहात असतो. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गरगरणे, झोप न लागणे ही लक्षणे सहा ते बारा तासांनी दिसू लागतात. केवळ वय झाले म्हणून हा त्रास अधिक होतो असे नाही. ज्येष्ठांना तो तरुणांपेक्षा जास्त होतोच असे आढळत नाही. मात्र हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असेल, तर कमी प्राणवायू त्या आजाराला डिवचतो.

चार दिवसांच्या सहलीत सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. विमानाने चंदीगड, रात्रभर मोटार, सकाळी मनाली आणि त्याच दिवशी ‘बर्फ’. असे करू नका. पहिले दोन दिवस मनाली, वसिष्ठ, नग्गर इतकेच. हिडिंबा मंदिराभोवतीच्या देवदारांत हळूहळू चाला. उंचावर गेलात, तरी मुक्कामाला खाली या. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा जुना आणि शहाणा नियम आहे.

डोके दुखत असेल, तर आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली, तर रात्र असो वा दिवस, ताबडतोब खाली उतरवायचे आणि रुग्णालय गाठायचे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर जवळ असावे, पण उंचीवर आकडा थोडा कमी येणे स्वाभाविक असते आणि गारठलेल्या बोटावर तो चुकतोही. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

औषधांची पुरचुंडी

आपली नेहमीची औषधे सहलीत आपल्याशी थोडी वेगळी वागतात. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. पण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी पुढील गोष्टी बोलून घ्या.

रक्तदाबासाठी अनेकांना लघवी वाढवणारी गोळी असते. उंचीवर श्वासावाटे पाणी जाते, तहान कमी लागते, आणि वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून विशेषतः आपल्या आयाबहिणी मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यातच गुडघे दुखले म्हणून वेदनाशामक गोळी घेतली, तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. गुडघ्यासाठी काय घ्यायचे, हे आधी विचारून ठेवा. सुनांनो, लेकींनो, सासूबाईंना किंवा आईला एकांत मिळेल अशी जागा शोधून देणे, हेही वैद्यकीय काम आहे असे समजा.

नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल, तर श्रमाने नाडी फारशी वाढत नाही. तेव्हा नाडीवरून दमणूक ओळखता येत नाही. साधी कसोटी लावा: चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ते येत नसेल, तर थांबा.

रक्त पातळ करणारी गोळी असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर वरवर ती ठीक वाटली तरी रुग्णालयात दाखवावे. इन्शुलिन गोठले की निकामी होते. ते सामानाच्या पिशवीत न ठेवता अंगाजवळच्या खिशात ठेवा. गारठ्यात ग्लुकोमीटरही चुकू शकतो. चालण्याने साखर उतरते, म्हणून खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण तुटले, तर त्या चालू ठेवायच्या का, हे फोन करून विचारा.

सर्दीच्या गोळ्यांविषयी विशेष सांगते. नाक मोकळे करणाऱ्या अनेक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी तुंबते. डोंगरात, रात्रीच्या वेळी लघवी तुंबणे ही केवढी यातना आहे, हे ज्याने भोगले तोच जाणे. दुकानातून सर्दीची गोळी घेण्यापूर्वी एक फोन करा. झोपेची गोळी आणि मद्य ही दोन्ही रात्रीचा श्वास मंद करतात; उंचीवर ती टाळावीत. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसेटाझोलामाइड हे औषध दिले जाते, पण सल्फाची ॲलर्जी व मूत्रपिंडाचे आजार यांचा विचार करावा लागतो. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेऊ नये.

डोळ्यांचीही काळजी हवी. ताजे बर्फ उन्हातील अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकते. त्याने होणारा त्रासही काही तासांनी, रात्री उमटतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी वाहणे, उजेड न सोसणे. बाजूंनीही झाकणारा गडद चष्मा दुपारभर उतरवू नका.

कोणी थांबावे, कोणी तयारी करावी

काही जणांना मी स्पष्टपणे ‘यंदा नको’ म्हणते. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू येऊन गेला आहे, सपाटीवर चालतानाही छातीत दुखते, पायांवर सूज व रात्री धाप आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, घरीही ऑक्सिजन लागतो, रक्त फार कमी आहे, अशांनी डोंगराचा हट्ट धरू नये. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो विरेपर्यंत उंचीवर किंवा विमानाने मुळीच जाऊ नये. दृष्टी जाण्याचा धोका असतो.

इतरांनी सहा आठवडे आधी तयारी सुरू करावी. रोज चालण्याची वेळ हळूहळू पाऊण तासापर्यंत न्यावी. आठवड्यातून तीनदा जिने चढावेत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उतरावेत. मांड्या भरून येतात आणि गुडघे कुरकुरतात ते उतारावर. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहादा उठणे-बसणे करावे. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सावरून पाहावा. तो सावरत नसेल, तर ओढे ओलांडावे लागणारी वाट आपल्यासाठी नाही, हे घरीच कळले. दोन काठ्या, चांगल्या खाचांचे जुने झालेले बूट, सुती कपड्यांऐवजी लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड, एवढे सामान पुरे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी वर मेंढ्या चरत असतात, उकळलेलेच प्यावे.

त्या दिवसाचे वेळापत्रक

ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांसाठी माझा पहिला सल्ला असा, की ओढा ओलांडावाच लागणार नाही अशी वाट निवडा. पूल असलेल्या वाटा पुष्कळ आहेत. हॉटेलात विचारणे पुरेसे नाही, गावातल्या माणसाला विचारा, आणि शक्यतो त्यालाच सोबत घ्या. लहानसा ओढा ओलांडणे भागच असेल, तर सकाळी लवकर निघा. पहाटेच्या गारठ्याने दगडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो, तो विरेपर्यंत थांबा. जाताना पाण्याची उंची एखाद्या मोठ्या दगडावर नजरेने नोंदवून ठेवा. आणि दुपारी बारापूर्वी परतीच्या वाटेवर त्या ओढ्याच्या अलीकडे या.

उशीर झालाच आणि पाणी चढलेले दिसले, तर ओलांडू नका. वृद्धांना घेऊन गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात उतरायचे नाही, हा नियम मोडू नका. पाणी मातकट असेल किंवा धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल, तर तरुणांनीही नाही. वर-खाली पूल आहे का पाहा, गावात निरोप पाठवा. मदत येईपर्यंत कोरडे, उबदार बसून राहणे हे भिजून पुढे जाण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. आम्ही त्या दिवशी तेच करायला हवे होते.

परत फिरण्याचा हक्क

आता अण्णांचे ते बोलणे. रात्री रजईत बसून ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, एक वाजल्यापासूनच मला वाटत होतं की निघावं. त्या बाईचं बोलणं कानात होतं. पण तुम्ही सगळे इतके खुशीत होतात. माझ्यामुळे तुमची सहल कशाला मोडायची?’

वाचकहो, त्यांना कळले होते. आम्हा तिघांत कोणालाच कळले नाही ते त्यांना कळले होते, आणि तरीही ते बोलले नाहीत. कारण म्हाताऱ्या माणसाने मुलांच्या आनंदात अडथळा होऊ नये, असे त्यांना वाटले. माझ्या दवाखान्यात मी हेच निराळ्या रूपांत रोज पाहते. छातीत दुखते, पण नातीची परीक्षा होऊ दे. पाय सुजले आहेत, पण मुलाची रजा संपू दे. ज्येष्ठांचे हे गप्प राहणे त्यांच्या मायेतून येते, आणि म्हणूनच ते ओळखणे अवघड असते.

त्यावर मला एकच उपाय सापडला आहे. परतीची वेळ निघण्यापूर्वी, घरातच ठरवायची आणि सर्वांनी मान्य करायची. मग कोणाला ‘चला’ म्हणावे लागत नाही, घड्याळ म्हणते. बारा वाजले की कुरण कितीही सुंदर असो, फोटो राहिले असोत, शिखर वळणापलीकडे असो, उठायचे. आणि त्याआधीही घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने ‘परत फिरू’ म्हटले, तर ‘का’ असे विचारायचे नाही. बूट बांधायचे आणि फिरायचे.

ज्येष्ठहो, आपल्यालाही एक विनंती. ‘मला थकवा आलाय’, ‘मला भीती वाटते’ हे शब्द सहल मोडणारे नाहीत. आपण ते वेळेवर बोललात, तर पुढच्या वर्षीही सहल निघते.

अण्णा त्यानंतर दोनदा डोंगरात गेले. दोन्ही वेळा त्यांच्या मनगटावर भाच्याने दिलेले घड्याळ होते, पावणेबाराचा गजर लावलेले. गजर झाला की ते मोठ्या ऐटीत उठत आणि काठी आपटून म्हणत, ‘चला, ओढा वाट पाहतोय.’

आता माझ्याकडे तो छापील कागद आला, की सही करण्यापूर्वी मी शेवटचा प्रश्न रुग्णाला विचारीत नाही; सोबत आलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारते, ‘परत फिरायचं किती वाजता ठरलंय?’ उत्तर मिळाले, की सही करते.